‘सा’ कुठे गेला? १९०० नंतरचं पाश्चात्त्य संगीत ऐकायला घेताना

नमस्कार. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, ते आधी नीट मांडून घेते. तुमची मुलगी घोडबंदर रोडवरच्या एका क्लासमध्ये पियानो शिकते. तिच्या बाईंनी तिला बेला बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’मधली सात मात्रांची ‘बल्गेरियन रिदम’ ही रचना दिली. ती घरी वाजवायला लागल्यावर हे चुकतंय की मुळातच असं आहे, हेच तुम्हाला कळेना. तुम्ही मोझार्ट, बेटोव्हन आवडीने ऐकता, भीमसेनजी आणि किशोरीताईही ऐकता, पण १९०० नंतरचं काही लावलं की पाच मिनिटांत बंद करता. म्हणून तुम्ही विचारलंत: मॉडर्न क्लासिकलमध्ये शैली कोणत्या, मुख्य संगीतकार कोण, आणि मुलीने ही रचना बदलून घ्यावी का?

मी ठाण्यात पियानो शिकवते आणि हा प्रश्न पालकांकडून दर वर्षी ऐकते. शैलींची यादी कुठेही मिळेल: इम्प्रेशनिझम, एक्स्प्रेशनिझम, बारा स्वरांची पद्धत, निओक्लासिकल, मिनिमलिझम. ती पाठ करून ऐकायला बसलात तरी पाच मिनिटांनी बंदच कराल, कारण तुमची अडचण माहितीची नाही. गाणं सुरू झाल्याबरोबर आपला कान काही गोष्टी धरून चालतो. कुठेतरी षड्ज आहे, सम येणार आहे, ताण निर्माण झाला तर तो सुटणार आहे, शेवट आला की तो शेवट वाटणार आहे. ख्यालात हे मिळतं आणि मोझार्टमध्येही मिळतं, म्हणून तुम्हाला दोन्ही आवडतात. १९०० नंतरच्या संगीतकारांनी यातली एखाद-दुसरी गोष्ट जाणूनबुजून सोडली. कान ती शोधत राहतो, ती मिळत नाही, आणि आपण ‘बेसूर आहे’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक रचनेबद्दल दोनच प्रश्न विचारायला लावते. या माणसाने काय सोडलं? आणि त्या जागी काय धरलं? पहिल्या प्रश्नावर थांबणारे ऐकणं सोडून देतात. दुसऱ्याचं उत्तर सापडलं की तीच रचना पुन्हा लावावीशी वाटते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगते. घरात तबला किंवा मृदंग असेल तर मुलं विषम लयी फार लवकर पकडतात, पण षड्ज नसलेलं संगीत त्यांना जास्त बोचतं. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या मुलांचं बहुधा उलट असतं. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर या संगीताचा अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण यात वाद्याचा पोत हाच पुष्कळदा मुख्य विषय असतो. साधे बरे हेडफोन घ्या.

सुरुवात क्लॉद देब्युसीपासून करा. घरी हार्मोनियम असेल तर सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी एवढेच स्वर वर-खाली वाजवा. शुद्ध म नाही, पंचम नाही, आणि कुठल्याही दोन शेजारच्या स्वरांतलं अंतर सारखंच. थोडा वेळ वाजवत राहिलात की यातला सा कोणता तेच सांगता येईनासं होईल, कारण सगळ्यांचा हक्क सारखा आहे. हा होल टोन स्केल. देब्युसीच्या पियानो प्रील्यूड्सच्या पहिल्या पुस्तकातली ‘व्वाल’ ही रचना जवळजवळ पूर्ण याच्यावर उभी आहे. त्याने स्वराची ओढ सोडली आणि रंग धरला. १८८९च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात त्याने जावाचं गॅमेलान, म्हणजे तिथला घंटा-झांजांचा वाद्यवृंद, ऐकला होता, आणि युरोपच्या हार्मनीच्या, म्हणजे स्वर एकत्र जुळवण्याच्या, नियमांशिवायही संगीत किती सुंदर आणि बांधीव असू शकतं, हे त्याच्या मनात रुजलं. १८९४ची ‘प्रेल्यूद आ लाप्रेमिदी दं फोन’ ही दहा मिनिटांची ऑर्केस्ट्रा रचना फक्त बासरीच्या सुरुवातीसाठी जरी ऐकलीत तरी चालेल. त्याला ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणतात. त्याला स्वतःला ते बिरूद आवडत नव्हतं.

आर्नोल्ड शोनबर्ग पुढे गेला. त्याने षड्ज पूर्णच सोडला. १९२०च्या सुमारास त्याने अशी पद्धत बसवली की सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने यावेत, म्हणजे कुठलाच एक स्वर वारंवार येऊन मालक होऊन बसणार नाही. तो क्रम उलटा वाजवता येतो, आरोहाच्या जागी अवरोह ठेवून वाजवता येतो, हे दोन्ही एकत्र करता येतं, आणि प्रत्येक रूप बारा ठिकाणांहून सुरू करता येतं. अशी एकूण ४८ रूपं होतात. आपल्या कानांना ही सगळ्यात अवघड जागा आहे, आणि मी ती कुणालाही पहिल्या दिवशी ऐकवत नाही. आपण तानपुऱ्यावर वाढलेली माणसं. आधार काढून घेतला की आपल्याला नुसतं अवघड वाटत नाही, अस्वस्थ वाटतं. ते खरं आहे आणि त्यात कमीपणा नाही.

पण या पद्धतीचं सगळ्यात माणुसकीचं रूप ऐकायचं असेल तर शोनबर्गचा शिष्य अल्बान बर्ग याचा व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, ऐका. १९३५ साली मानोन ग्रोपियस ही त्याच्या ओळखीतली अठरा वर्षांची मुलगी पोलिओने गेली. बर्गने हा कन्चेर्टो ‘एका देवदूताच्या स्मृतीस’ अर्पण केला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो स्वतःही गेला. १९३६ साली बार्सिलोनात कन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तेव्हा बर्ग हयात नव्हता. त्याने बारा स्वरांचा क्रम असा निवडला की त्यातला पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा. त्यामुळे सुरुवातीला व्हायोलिन जणू तारा तपासत हळूच आत येतं. क्रमातले शेवटचे चार स्वर बाखच्या एका कोरालच्या, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राच्या, पहिल्या चार स्वरांशी जुळतात. शेवटच्या भागात तो कोरालच क्लॅरिनेटवर उघडा ऐकू येतो. नियम इतका कडक, आणि त्यातून शोक इतका सरळ बाहेर येतो की मी हा भाग शिकवताना नेहमी वर्गातलं बोलणं बंद करते. शोनबर्गचा दुसरा शिष्य आंतोन वेबर्न याच्या रचना अतिशय छोट्या असतात, काही तर मिनिटभराच्या. तो नंतर ऐका.

आता लयीकडे येते, कारण तुमच्या घरातला प्रश्न तिथला आहे.

२९ मे १९१३ला पॅरिसमध्ये इगॉर स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला आणि प्रेक्षकांनी मोठा गोंधळ घातला. हा प्रसंग सगळे सांगतात. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्येच ती रचना नृत्याशिवाय, नुसती मैफलीत वाजली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली, हे मात्र कमी सांगितलं जातं. सुरुवातीच्या बासून या फुंकवाद्यानंतर एक जागा येते: तंतुवाद्यं एकच जड कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सारख्या अंतराने वाजवत राहतात, पण जोर कधी कुठल्या मात्रेवर पडेल ते कळत नाही. आठ हॉर्न मधूनच त्या जोरावर तुटून पडतात. इथे सम सोडली आहे आणि आघात धरला आहे. गंमत म्हणजे चालीचे तुकडे अगदी साधे, तीन-चार स्वरांचे, लोकगीताच्या जातीचे आहेत. पुढे १९२०च्या ‘पुल्चिनेल्ला’पासून हाच माणूस अठराव्या शतकातल्या संगीताकडे वळला, त्याला निओक्लासिकल म्हणतात, आणि म्हातारपणी त्याने बारा स्वरांची पद्धतही वापरली. एका माणसाला एक पाटी लावणं किती अवघड आहे ते यावरून बघा.

बार्टोकची वाट वेगळी. तो आणि त्याचा मित्र झोल्टान कोडाय फोनोग्राफ घेऊन हंगेरी, रोमेनिया, स्लोव्हाकियाच्या खेड्यांत हिंडले आणि शेतकऱ्यांची हजारो गाणी त्यांनी मेणाच्या सिलिंडरांवर उतरवली. बार्टोकला त्या गाण्यांत मेजर-मायनर या नेहमीच्या दोन पाश्चात्त्य स्वरसप्तकांच्या बाहेरचे स्वरसमूह आणि विषम लयी सापडल्या, आणि त्याने त्या नुसत्या सजावटीला न वापरता रचनेचा पाया केल्या. ‘मिक्रोकॉसमॉस’ म्हणजे १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेले १५३ तुकडे, सहा भागांत, अगदी पहिल्या धड्यापासून मैफलीत वाजवण्याइतक्या अवघड रचनांपर्यंत. स्वतःच्या मुलाला शिकवताना त्याने त्यातले काही वापरले. या संग्रहावर माझा फार जीव आहे. मुलांसाठी लिहिताना इतकं खरं संगीत देणारी माणसं थोडी.

तुमच्या कानाला हे जवळचं का वाटायला हवं ते सांगते. बल्गेरियन लयीतले सात ठोके २+२+३ असे पडतात. आपला रूपक ३+२+२. फरक असा की रूपकात आपण सातही मात्रा टाळी-खालीवर सावकाश मोजतो. इथे ठोके इतके जलद असतात की पायाला सात नाही, तीनच चाली जाणवतात: आखूड, आखूड, लांब. तीन पावलांचा नाच, ज्यातलं तिसरं पाऊल जरासं जास्त टेकतं. हे कानात बसलं की रचना लंगडी वाटत नाही.

इथून एक फाटा थेट आपल्या प्रांतात येतो, म्हणून थोडी रेंगाळते. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात १२० देशी ताल दिले आहेत. ती यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि ऑलिव्हिए मेसिआँ या फ्रेंच संगीतकाराच्या हाती लागली. त्याने ते ताल आयुष्यभर अभ्यासले. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता. १५ जानेवारी १९४१ला ग्योर्लिट्सच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, थंडीत, त्याची ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ पहिल्यांदा वाजली. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो, कारण हेच वाजवणारे कैदी तिथे होते. पहिल्या भागात पियानोवर १७ कालमूल्यांची एक लय फिरत राहते, आणि ती शार्ङ्गदेवाच्या यादीतल्या रागवर्धनासह तीन ताल जोडून बनली आहे. त्याच वेळी कॉर्डची २९ची माळ वेगळीच फिरते. १७ आणि २९ या दोन्हींना भागणारी एकाशिवाय दुसरी संख्या नाही, त्यामुळे दोन्ही चक्रं सुरुवातीच्या जागी पुन्हा एकत्र येण्याआधीच भाग संपतो. आपण आवर्तन समेवर येण्यासाठी मोजतो. त्याने ते कधीच न येण्यासाठी मोजलं, कारण त्याला काळ थांबल्यासारखा हवा होता. पहिल्यांदा ऐकताना पाचव्या भागापासून सुरू करा. तिथे फक्त चेलो आणि पियानो आहेत, आणि ख्यालाच्या विलंबितात रमणाऱ्या माणसाला तो भाग आपसूक कळतो.

सगळ्यांनीच सगळं सोडलं असं नाही. सोव्हिएत रशियात दिमित्री शोस्ताकोविचने सिम्फनीचा घाट आणि सूर बराचसा ठेवला. १९३६ साली कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्राव्दा’ या वृत्तपत्राने त्याच्या ऑपेरावर जाहीर हल्ला चढवला, तेव्हा त्याला जिवाची भीती होती. १९३७ची पाचवी सिम्फनी त्यानंतरची. १९६०च्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांच्या रचनेत) तो स्वतःच्या नावाची जर्मन आद्याक्षरं स्वर म्हणून वापरतो, डी, ई फ्लॅट, सी, बी, आणि ते चार स्वर तुम्ही पहिल्याच मिनिटात ओळखाल. मोझार्ट-बेटोव्हनवरून येणाऱ्याला माझ्या मते हा सगळ्यात मजबूत पूल आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काहींनी सूर हाच एकक सोडला आणि आवाजाचा ढीग धरला. ग्यॉर्ग लिगेटीच्या १९६१च्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’मध्ये चालही नाही, ठेकाही नाही. अख्खा ऑर्केस्ट्रा एका ढगासारखा हळूहळू रंग बदलतो. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन स्टुडिओत टेप आणि इलेक्ट्रॉनिक आवाजांवर काम करत होता. पिएर बुलेझने बारा स्वरांची शिस्त लांबी आणि जोरालाही लावली; ते संगीत मला आदराने ऐकता येतं, प्रेमाने नाही. जॉन केजचं नाव निघालं की लोक १९५२च्या ‘४ मिनिटं ३३ सेकंद’वर वाद घालतात, ज्यात वादक काहीच वाजवत नाही. त्यापेक्षा त्याचे १९४६ ते १९४८मधले ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ ऐका. पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर अडकवून त्याने त्याचं जणू ताल वाजवणारं वाद्य केलं. त्या काळात गीता साराभाई त्याला भारतीय संगीत शिकवत होत्या आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या. या रचनांमागे त्याने नवरसांची कल्पना ठेवली होती.

१९६०नंतर अमेरिकेत उलटी लाट आली, मिनिमलिझमची. टेरी रायलीची १९६४ची ‘इन सी’ म्हणजे ५३ छोटे तुकडे, जे प्रत्येक वादक हवे तितक्या वेळा वाजवून पुढे सरकतो. रायली पुढे किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. फिलिप ग्लासने पॅरिसमध्ये एका चित्रपटासाठी पंडित रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवण्याचं काम केलं, आणि ते करताना लहान घटक जोडत लय वाढवण्याची कल्पना त्याला सापडली. १९८०च्या ‘सत्याग्रह’ या ऑपेरात गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेतलं आयुष्य आहे आणि गायलेले शब्द भगवद्गीतेतले, संस्कृतमधले आहेत. इथे बदलाची घाई सोडली आहे आणि पुनरावृत्ती धरली आहे.

स्टीव्ह राइशची १९७२ची ‘क्लॅपिंग म्युझिक’ तुम्ही आणि मुलगी आज रात्री घरी करू शकता, वाद्य लागत नाही. बारा मात्रा घ्या: तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी, दोन टाळ्या, रिकामी, एक टाळी, रिकामी, दोन टाळ्या, रिकामी. एकाने हेच धरून ठेवायचं. दुसऱ्याने काही आवर्तनांनंतर आपला ठेका एका मात्रेने पुढे सरकवायचा, मग आणखी एका मात्रेने, पुन्हा दोघं जुळेपर्यंत. तबला शिकणाऱ्यांना हे पटकन जमतं आणि पियानो शिकणारे आधी गोंधळतात. एकदा जमलं की कानाला दोन माणसांतून तिसराच ठेका ऐकू येतो. मिनिमलिझमवर याहून चांगला धडा माझ्याकडे नाही.

एस्टोनियाचा आर्वो पार्टही आधी बारा स्वरांतच लिहीत होता. मग काही वर्षं जवळपास गप्प राहून त्याने जुनं चर्चसंगीत अभ्यासलं, आणि १९७६ साली ‘फ्युर आलिना’ हा पियानोचा छोटासा तुकडा लिहिला. एक हात स्केलच्या पायऱ्यांनी चालतो, दुसरा फक्त एका कॉर्डचेच स्वर वाजवतो. षड्ज परत आला आहे, पण जुन्या ऐटीत नाही. तुमच्या मुलीला स्वर वाचायला तो सोपा जाईल. प्रत्येक स्वर विरेपर्यंत ऐकणं शिकायला वेळ लागेल. त्याचीच १९७८ची ‘श्पिगेल इम श्पिगेल’ व्हायोलिन-पियानोवर ऐका. अगदी अलीकडचं हवं असेल तर कैया सारियाहो, सोफिया गुबायदुलिना आणि कॅरोलिन शॉ या तिघी ऐका. शॉच्या ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’ला २०१३चं पुलित्झर मिळालं, आणि त्यात फक्त आठ माणसांचे आवाज आहेत.

आपल्याकडे असं कुणी झालं का, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगायलाच हवं. ‘अंकुर’, ‘भूमिका’, ‘मंथन’ आणि ‘भारत एक खोज’चं संगीत देणारे वनराज भाटिया मुंबईचे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजेकडे शिकलेले. पियानोसाठी, ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी गंभीर रचना केल्या आणि त्या आपण फारच कमी वाजवतो. २०२१ साली ते गेले. चित्रपटांमुळे त्यांचं नाव राहिलं याचा आनंद आहे, पण त्यांचं पियानो संगीत आमच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या वह्यांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष ऐकायचं तर ठाण्यात-नवी मुंबईत या संगीताच्या मैफली क्वचित. त्यासाठी नरिमन पॉइंटला एनसीपीएलाच (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जावं लागतं, आणि ठाण्याहून फास्ट लोकलने किंवा वाशी-नेरूळहून हार्बरने सीएसएमटी गाठून ते सहज जमतं. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून तिथे आहे. उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा ‘पेशकार’ कन्चेर्टो याच ऑर्केस्ट्राने २०१५मध्ये पहिल्यांदा वाजवला. आधुनिक रचना बहुतेक मध्यंतराआधी असते, एखाद्या बेटोव्हन किंवा चायकोव्स्कीच्या सोबतीला. उशिरा पोहोचू नका, तीच चुकेल.

ऐकण्याचा क्रम थोडक्यात असा ठेवा: देब्युसी, मग पार्ट, मग शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट, मग ‘राइट’, मग मेसिआँ, आणि कान सैल झाला की बर्ग. आठवड्याला एकच रचना, पण चार वेळा. चौथ्या वेळी तुम्हाला पुढे काय येणार ते माहीत असतं, आणि आठवण आली की परकेपणा जातो. लिगेटी, स्टॉकहाउझेन वगैरे आवडलं नाही तर खुशाल सोडा.

आता मुलीची रचना. बदलून घेऊ नका. ती चुकतेय का हे कळायला तिचं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना ‘तक तक तकिट’ असं सारख्या वेगाने म्हणत राहा. मुलं इथे दोनपैकी एक गोष्ट करतात: ‘तकिट’मधला शेवटचा ठोका गिळून सहाची लय करतात, किंवा तो ताणून आठ करतात. दोन्ही कानाला आरामशीर वाटतं आणि दोन्ही चूक. तसं होत असेल तर मेट्रोनोम प्रत्येक क्वेव्हरला, म्हणजे सातपैकी एकेका ठोक्याला, लावून, अर्ध्या वेगात, एकेका हाताने आठवडाभर करून घ्या. बोल तोंडाने चालू राहिले पाहिजेत. दोन हातांचे स्वर एकमेकांना घासले जात असतील तर ते पुस्तकाशी ताडून पाहा; बहुतेक वेळा तसंच लिहिलेलं असतं. लय बसल्यावर ती घासण टोचायची थांबते, कारण मग ती ठरलेल्या ठोक्यावर येते. आणि पियानो डिजिटल असेल तर आवाज थोडा मोठा ठेवा. ही रचना हळू आवाजात, घाबरत वाजवली की खरंच चुकल्यासारखी वाटते.